तळ्याजवळचं वळण

मिशिगन
रविवार, ६ जुलै १९८६

प्रिय गेरिट,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनच करणार होते, पण आपला फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे आणि बाबांचे कान अजून शाबूत आहेत. मला लिहायचंय ते त्यांच्या डोळ्यांबद्दल.

बाबांना दिसत नाहीये. थोडं कमी दिसतं असं नाही म्हणत मी. दिसत नाहीये. परवा चार जुलैला सगळे टेबलाशी बसलेले असताना त्यांनी कॉफी कपाच्या शेजारी ओतली आणि वर मलाच दटावलं, "कप कोणी हलवला?" चर्चच्या दारात म्हाताऱ्या मिसेस झायल्स्ट्रासमोरून ते सरळ निघून गेले. बाई बिचारी मला विचारत होती, बेरेंडचा माझ्यावर कसला राग आहे म्हणून. आत गाण्याचं पुस्तक हातात धरतात, पण पान उलटत नाहीत. सगळी गाणी पाठ, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. मी डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाले, "तू तुझा वजनकाटा बघ, माझे डोळे मी बघतो."

ते घरातल्या घरात ठेचकाळले असते तर मी काळजी केली असती आणि झोपले असते. पण येत्या शनिवारी आपली ब्लूबेरीची बाग लोकांना फळं तोडायला उघडतेय. दोनशे माणसं येतील आणि त्यातली निम्मी माझ्या कमरेएवढी. लांबच्या ओळींपर्यंत त्या पोरांना चालवत नाही, म्हणून ती ट्रॉलीत पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर बसणार आणि ट्रॅक्टर चालवणार बाबा. तळ्याजवळचं वळण तुला आठवतंच आहे. एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला पाणी.

मी सांगून बघितलं. माझं ऐकायला मी म्हणजे तू थोडीच आहे? तुझ्या शब्दाला वजन आहे, कारण तू लांब आहेस. त्यांना एक पत्र लिही, किंवा लवकर ये. फोन मात्र करू नकोस. मी चुगली केली असं त्यांना वाटेल आणि मग संपलंच.

मदतीला नवराही नाही; लोवेलची कारखान्यात दुहेरी पाळी चालू आहे, तो रविवारखेरीज दिसत नाही. ट्रिना बरी आहे. नऊ वर्षांची झाली, तरी दिवसभर "ओपा, ओपा" करत आजोबांच्या मागे असते. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर तिची जागा ठरलेली आहे. तिथून उठवलं की तोंड फुगवते.

उत्तर ताबडतोब पाठव.

रीका


टूसान, ॲरिझोना
११ जुलै १९८६

प्रिय रीका,

तुझं पत्र वाचून आधी घाबरलो आणि मग हसू आलं. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. मिसेस झायल्स्ट्राला न बघण्यासाठी माणसाला आंधळं व्हावं लागत नाही. मीही चर्चमध्ये तिला कधी पाहिलेलं नाही.

आता माझं ऐक. गेल्या ऑगस्टमध्ये मी पोरांना घेऊन आलो होतो. बाबा आणि मी एकाच ओळीत समोरासमोर तोडत होतो, कमरेला बादल्या बांधून. शेडमध्ये येऊन दोन्ही बादल्या पाटीत ओतल्या. माझ्यात देठाशी लाल असलेली अर्धी कच्ची फळं ओंजळभर निघाली. बाबांच्या बादलीत एकही नाही! एकसुद्धा नाही, रीका. निळ्यातला लाल ज्याला ओळखता येतो त्याला ट्रॅक्टरसमोरचा रस्ता दिसत नाही, असं तू म्हणतेस? रस्ता ब्लूबेरीपेक्षा बराच मोठा असतो.

रागावू नकोस, पण एक बोलतो. तुला बाबांनी ट्रॅक्टर कधी हातात दिला नाही. मी बारा वर्षांचा असताना मला दिला आणि तू चौदा वर्षांची होतीस तरी तुला काट्यावर बसवलं. ते तुझ्या मनात अजून आहे. मी तुझ्या जागी असतो तर माझ्याही मनात राहिलं असतं. पण त्यासाठी त्यांचे डोळे काढून घ्यायची गरज नाही.

आणि हो, फोन केला मी. राहवलं नाही. तुझं नाव घेतलं नाही, शप्पथ. नुसतं "तब्येत कशी आहे" विचारलं. म्हणाले, "मी ठणठणीत आहे, रीकाच अलीकडे माझ्या तोंडाकडे टक लावून बघत असते, तिलाच दाखवा कोणाला तरी." मग आम्ही दोघंही हसलो. मी म्हटलं, तुम्ही शंभरी गाठाल ट्रॅक्टरवर.

इथे एकशे आठ डिग्री फॅरेनहाइट तापमान आहे. तुमच्या तळ्यात पाय सोडून बसावंसं वाटतं.

गेरिट


मिशिगन
रविवार, २० जुलै १९८६

गेरिट,

तुझ्या त्या एका फोनने काय करून ठेवलंस ते ऐक.

गेल्या शनिवारी, म्हणजे बाग उघडली त्या दिवशी, मी सकाळीच किल्ली लपवली. बाबांनी ती शोधलीदेखील नाही. ट्रॅक्टर एकोणीसशे पन्नासचा, स्क्रू ड्रायव्हर घातला की सुरू होतो. मी आडवी उभी राहिले. सगळ्या लोकांसमोर, पोरंटोरं चढून बसलेली, आणि बाबा वरून म्हणाले, "गेरिट म्हणालाय मी शंभरीपर्यंत चालवणार. तू त्याच्यापेक्षा शहाणी का?" लोक हसले. त्यांना वाटलं आमची थट्टा चाललीय. मग त्यांनी नेहमीचा विनोद केला, पोरांचं येताना वजन करा आणि जाताना करा, फरकाचे पैसे आईबापांकडून घ्या. पुन्हा हशा. मी बाजूला झाले. काय करणार होते?

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. शेडमध्ये काट्यावर बादल्या ठेवते आणि कान ट्रॅक्टरच्या आवाजाकडे. आवाज वळणाशी मंदावतो, मी श्वास धरते. पुन्हा वाढला की सोडते. काल दिवसभरात अठरा खेपा झाल्या. एका बाईला मी तिच्याच बादलीचं वजन तीनदा विचारलं.

आता तुझ्या त्या पुराव्याबद्दल. तोही मी तपासला. बुधवारी लोक गेल्यावर मी जर्सी जातीच्या झुडपांच्या ओळीत बाबांसमोर तोडायला लागले. ते आपले आभाळाकडे तोंड करून मला १९५४ च्या गारपिटीची गोष्ट सांगताहेत आणि बोटं चालू आहेत. मग मी माझे डोळे मिटले. मिटूनच अर्धी बादली भरली. शेडमध्ये येऊन पाटीत ओतली. गेरिट, माझ्याही बादलीत एकही लाल नव्हतं. पिकलेल्या फळावरून अंगठा नुसता फिरवला की ते हातात येतं, कच्चं देठाला धरून बसतं. आई आपल्याला काय सांगायची? बघू नका, गुदगुल्या करा. तू डोळ्यांनी तोडतोस म्हणून तुझ्या बादलीत लाल फळं होती. ब्लूबेरीच्या घरात लहानाची मोठी झालेली दोन माणसं आपण, आणि बादलीवरून डोळे पारखायला निघालो!

आणि अजून एक. शुक्रवारी मी मुद्दाम झुडपांच्या आडून ट्रॅक्टरजवळून चालत गेले. ट्रिना मडगार्डवर बसून बाबांच्या कानाशी बोलत होती. "डावीकडे, ओपा. अजून. आता बस. सरळ. समोर एक लाल टोपीवाला आहे, हळू." पुटपुटल्यासारखं, ओठही फारसे न हलवता. मागे पोरं गात होती, त्यांना काय कळणार! मी घरी तिला विचारलं. म्हणाली, "आमचा खेळ आहे." कधीपासून? तर बुटांच्या नाड्या सोडायला लागली. मग म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यापासून."

मागच्या उन्हाळ्यात तुझी पोरं त्या ट्रॉलीत होती, गेरिट.

मी बाबांना म्हटलं, ट्रिना तुमच्या शेजारी बसणार नाही आजपासून. ते म्हणाले, "ठीक आहे. मी एकटा चालवीन." म्हणजे बघ, मी तिला उठवलं तर ते न बघता चालवणार, आणि बसवलं तर पंचवीस पोरांचे जीव माझ्या नऊ वर्षांच्या पोरीच्या जिभेवर. मी तिला बसू दिलं. आई असून बसू दिलं.

पोलिसांना बोलावू? स्वतःच्या बापावर? सांग तू. तुझ्याच तोंडून ते ऐकतील, कारण तुझ्याच तोंडून त्यांनी शंभरी ऐकलीय.

रीका


टूसान
२८ जुलै १९८६

रीका,

तीन वेळा लिहून फाडलं. हे चौथं.

मला माहीत होतं. सगळं नाही, पण पुरेसं. गेल्या ऑगस्टमध्ये शेवटच्या दिवशी मी ट्रॉलीच्या मागून चालत होतो. आत माझी दोन्ही पोरं. वळणाशी पुढचं चाक पाण्याच्या बाजूला गेलं, काठाची माती सुटून तळ्यात पडली. मी ओरडणार तेवढ्यात ट्रिना काहीतरी बोलली आणि चाक वळलं. मला वाटलं, पोर पेपरमिंट मागतेय. नाही, खोटं कशाला लिहू? मला तसं वाटून घ्यायचं होतं.

आदल्या संध्याकाळी बाबा मला म्हणाले होते, "पुढच्या वर्षी पंधरा दिवस ये, बाग तुझी पण आहे." बाग सोडून गेल्यापासून चौदा वर्षांत पहिल्यांदा. ते वाक्य मला गमवायचं नव्हतं. म्हणून मी गप्प बसलो, विमानात बसलो आणि घरी येऊन स्वतःला बादलीची गोष्ट सांगत राहिलो. तुला ट्रॅक्टरवरून टोमणा मारला तोही त्यातलाच. माफ कर म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो.

नऊ ऑगस्टच्या आधी सुट्टी मिळत नाही, मी साहेबाशी भांडून बघितलं. त्या दिवशी मी तिथे असेन. तोवर सोबतचं छोटं पाकीट बाबांसाठी आहे. बाबांच्या नावाने लिहिलं आणि मग लक्षात आलं की ते त्यांना वाचता येणार नाही. तूच वाचून दाखव. त्यात एवढंच आहे, की मी गेल्या वर्षी चाक पाहिलं, गप्प बसलो, फोनवर खोटं बोललो, आणि आता तुम्ही ट्रॅक्टरवर बसू नका, पोरं मरतील. दुसरा शब्द सापडला नाही.

फोनवर सांगायला हवं, हे मलाही कळतं. पण फोनवर ते हसतील आणि मीही हसेन. मी स्वतःला ओळखतो.

मिळाल्याबरोबर वाच. उशीर करू नकोस.

गेरिट


मिशिगन
रविवार, ३ ऑगस्ट १९८६

प्रिय गेरिट,

सगळे जिवंत आहेत. ते आधी लिहिते.

तुझं पत्र शुक्रवारी दुपारी आलं. मी उशीर केला. शनिवारी दहा वाजता चर्चची चाळीस मुलं सहलीला यायची होती, गठ्ठे लावायचे, बादल्या धुवायच्या, लिंबू सरबत करायचं. मला वाटलं, आज वाचलं तर उद्याचा दिवस नासेल, भांडण होईल, ते हट्टाने ट्रिनाशिवायच निघतील. रविवारी चर्चमधून आल्यावर शांतपणे वाचू. पाकीट मैद्याच्या डब्यामागे ठेवलं. चाळीस मुलं यायची होती आणि मी शांत वेळ शोधत होते. बहीण कोणाची!

काल सकाळी साडेनऊला बाबा रिकामी ट्रॉली घेऊन फाटकाकडे निघाले, मुलांना तिथूनच चढवायला. ट्रिना नेहमीप्रमाणे मडगार्डवर. मी काट्यापाशी. आवाज वळणाशी मंदावला आणि वाढलाच नाही. मग एक आवाज आला, लाकूड मोडल्याचा. कशी धावले आठवत नाही. एका पायात चप्पल नव्हती एवढं नंतर दिसलं.

ट्रॅक्टर चरात तिरका झालेला. देवाच्या दयेने पाण्याच्या बाजूला नाही, चराच्या बाजूला. ट्रॉलीचा दांडा मोडून ती आडवी, पेंढा सगळीकडे. बाबा गवतात पाठीवर पडलेले आणि ट्रिना त्यांच्या शेजारी बसलेली. बाबांचं मनगट मोडलंय, प्लॅस्टर घातलं. ट्रिनाच्या गुडघ्याला खरचटलंय. बास. अर्ध्या तासाने त्याच ट्रॉलीत पोरं असती.

बाबा उठून बसले. स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चूक माझी आहे. मला दिसत नाही. दीड वर्ष झालं." सहलीची मुलं आणि त्यांची मास्तरीण, ठरल्यापेक्षा लवकर पोचलेली, तोवर येऊन उभी राहिली होती. सगळ्यांसमोर म्हणाले. मग मला म्हणाले, "रीका, तू चालव आता. तुला चौदाव्या वर्षीच द्यायला हवा होता." मी रडले. रागाने की कशाने, कोण जाणे. मुलं चालत ओळींपर्यंत गेली, एकानेही कुरकुर केली नाही, आणि दोन तासांनी निळ्या जिभा काढून दाखवत परत आली.

तुझं पत्र वाचून दाखवायची वेळच आली नाही. ते अजून डब्यामागेच आहे. तुला हवं तर फाडून टाकते.

माझं मन खातं ते ट्रिनासाठी. काल ती रडली नाही, आज जेवली नाही. तिचं लक्ष क्षणभर इकडेतिकडे गेलं असणार. जाणारच, लेकरूच ते! आणि आता सगळं स्वतःवर घेऊन बसलीय. मी जवळ घेतलं की अंग आक्रसून घेते. बाबांनी तर बजावलंय, "तिला कोणी एक अक्षर बोलायचं नाही, विचारायचंही नाही." मी कुठे बोलतेय? मीच तिला तिथे बसू दिलं. तुझ्यावर तिचा जीव आहे, आलास की तू बोल तिच्याशी. शनिवारची वाट बघतेय.

तुझी
रीका


५ ऑगस्ट

गेरिटमामा,

हे पत्र आईला माहीत नाही. तिकीट ओपांनी दिलं, पत्ता मी तुझ्या पाकिटावरून बघून लिहिला. तू निघायच्या आत पोचेल असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या.

आई म्हणते माझं लक्ष नव्हतं. माझं लक्ष होतं. माझं लक्ष नेहमी असतं.

शुक्रवारी मी मैद्याचा डबा काढायला गेले तर मागे तुझं पाकीट होतं. आईने ते उघडून परत घडी करून ठेवलं होतं. मी वाचलं. तू लिहिलंस की पोरं मरतील. मला वाटलं रात्री जेवताना आई वाचून दाखवेल. तिने सरबताचं विचारलं फक्त. सकाळी पॅनकेक खाताना पण नाही वाचलं. मग ओपा म्हणाले चल ट्रिना, आज चाळीस आहेत.

चाळीस जण असले की फार आवाज होतो. मग ओपांना माझं ऐकू येत नाही आणि मला मोठ्याने बोलता येत नाही, कारण ते गुपित आहे. जुलैमध्ये दोनदा त्यांना ऐकू आलं नव्हतं. ते मी कोणाला सांगितलं नाही. माझ्या पोटात रोज दुखायचं. आईला वाटायचं मी कच्च्या ब्लूबेऱ्या खाते.

वळणाशी मी मागे बघितलं. तीनदा बघितलं. ट्रॉलीत कोणी नव्हतं, मांजरसुद्धा नव्हतं. मी ओपांना म्हटलं हळू, अजून हळू. मग मी म्हटलं उजवीकडे. तिथे डावीकडे म्हणायचं असतं. उजवीकडे चर आहे आणि डावीकडे वळून रस्ता आहे. तळं जरा पुढे डाव्या बाजूला सुरू होतं, म्हणून मी लवकर म्हटलं, म्हणजे पाण्यात जाणार नाही. मला वाटलं नुसतं चाक अडकेल आणि ट्रॅक्टर बंद पडेल. ओपांचा हात मोडेल असं मला माहीत नव्हतं.

गवतात पडल्यावर ओपांनी आधी विचारलं तुला लागलं का. मी म्हटलं नाही. मग ते म्हणाले, "ट्रिना, तू कधी चुकत नाहीस." मी म्हटलं नाही चुकत. मग म्हणाले, "मागे कोणी होतं?" मी म्हटलं, नाही, मी तीनदा बघितलं. त्यांनी चांगल्या हाताने माझं डोकं जवळ ओढलं आणि ते रडायला लागले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात आई एका चपलेने आली.

ओपा म्हणतात हे आपल्या दोघांतच ठेवायचं. मी म्हटलं मला अजून एक गुपित नको. ते म्हणाले बरं, मग एका माणसाला सांग, कोणाला ते तू ठरव. म्हणून तुला लिहिलं. तू पण बघितलं होतंस ना.

आईला सांगू नकोस. नाहीतर ती त्या डब्यामागच्या पाकिटाचं आठवून रडेल.

माझ्या बाबांनी ट्रॉलीचा दांडा जोडलाय. शनिवारी आई ट्रॅक्टर चालवणार आहे, ती रोज संध्याकाळी वळणावरून जाऊन येते. ती म्हणते मडगार्डवर माझी जागा आहे तशीच आहे. मला तिथे बसायचं नाही. तू आलास की तिला सांग ना, मला मागे पेंढ्यावर बसायचंय. सगळी मुलं तिथे गाणी म्हणतात. मी दोन उन्हाळे ऐकतेय, पण मी एकदाही म्हटलेली नाहीत.

ट्रिना